गार्नेटचा सुटा खडा कसा पारखावा

नाशिकच्या सराफ बाजारात गार्नेटची अंगठी करायची असेल, तर आधी खडा सुटा घ्या. कोंदणात बसलेल्या खड्याचं वजन कळत नाही आणि बूडही दिसत नाही.

गार्नेट हे एका खड्याचं नव्हे, अख्ख्या कुळाचं नाव आहे. गडद लाल अल्मंडाइन सर्वांत स्वस्त. तो मोठा घेतला की दिव्याखालीही काळाच दिसतो, म्हणून लहान घ्या आणि मागून उघडी बैठक सांगा. जांभळट गुलाबी रोडोलाइट जास्त उजळ. स्पेसर्टाइन केशरी. राहूसाठी घालतात तो गोमेद म्हणजे हेसोनाइट, तोही गार्नेटच. भिंगातून पाहिलं तर आत पाक ढवळल्यासारख्या लहरी दिसतात. हिरवे त्साव्होराइट आणि डिमॅन्टॉइड महागडे, ते प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊच नका.

१. खडा पाण्यात बुडवून बाजूने बघा. आडवी रेघ आणि तिच्यावर चपटे बुडबुडे दिसले तर वर गार्नेटची चकती, खाली काच असा जोड आहे.

२. वाडग्यातल्या पाण्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवा, त्यावर खडा. निओडिमियम चुंबक (लहान पण फार जोरदार) जवळ धरा, पण टेकवू नका. अल्मंडाइन आणि स्पेसर्टाइन लोह-मँगनीजमुळे ओढले जातात. माणिक हलत नाही. गोमेद मात्र जेमतेम सरकतो, त्याला या परीक्षेत नापास करू नका.

३. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. समजा, खडा १.२२ ग्रॅम भरला. आता पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा ०.३० दाखवेल. १.२२ भागिले ०.३० म्हणजे ४.०७, म्हणजे खडा तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या इतके पट जड; हा अल्मंडाइन. गोमेद ३.६ च्या आसपास येतो, साधी काच २.५ च्या. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकतं. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. पाच कॅरेटखालच्या खड्याला ही रीत नको, काट्याची बारीकशी चूकही उत्तर फिरवते. माणिकही ४.० च्या जवळ येतो, म्हणून चुंबक आधी.

बिल कॅरेटमध्येच मागा (१ कॅरेट = ०.२ ग्रॅम), कारण रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं.

कारागिराला डाग देण्याचं (तापवून सांधे जोडण्याचं) काम आधी उरकून खडा शेवटी बसवायला सांगा. तापलेला गार्नेट एकदम गार झाला तर तडकतो. अंगठी धुतानाही कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश एवढंच. वाफेचं यंत्र नको.