ठाणे-नवी मुंबईत जुनी गाडी मोडीत काढताना चार पैसे जास्त कसे सुटतील

‘पंधरा वर्षं झाली, आता ही भंगारच’ असं सांगत येणारा माणूस बहुतेक वेळा गाडी भंगाराच्या भावात उचलायला आलेला असतो. दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांचा नियम गाजला, तो लोकांच्या डोक्यात बसला. आपल्याकडे खाजगी गाडीला वयाची अशी सरसकट बंदी नाही. १५ वर्षांनी आरसीची मुदत संपते, आरटीओत गाडी दाखवून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २०२५ पासून २० वर्षांपुढच्या कारला १०,००० रुपये लागतात. शिवाय पर्यावरण कर, आणि मुदत उलटल्यावर महिन्याला ५०० रुपये दंड.

तेव्हा पहिलं गणित हे करा: फी, कर आणि पासिंगपुरती डागडुजी यांचा खर्च एका बाजूला. दुसऱ्या बाजूला चालू गाडी म्हणून मिळणारी किंमत वजा भंगाराची किंमत. गाडी सुरू होत असेल, तळ गंजून गेला नसेल आणि आरसीला अजून वर्षभर बाकी असेल, तर ती मोडीत काढू नका, विका. आरसी संपायला दोन-तीन महिने राहिले की गिऱ्हाईक फेरनोंदणीचा सगळा खर्च तुमच्याच किमतीतून वळता करतं, आणि मुदत संपल्यावर तर भंगारवालाच उरतो. गाडी चालवत नसाल, तर सोसायटीच्या कोपऱ्यात ठेवून ‘बघू पुढे’ म्हणणं हा सगळ्यात महागडा पर्याय आहे. रस्त्याकडेला धूळ खात पडलेल्या गाड्यांवर महापालिका नोटीस चिकटवते आणि मग उचलून नेते. तिथून पैसे मिळायचे सोडून उलट भरावे लागू शकतात.

मोडीतच काढायची ठरली, तर पाऊस सुरू होण्याआधी काढा. आपल्याकडचा पाऊस चार महिने उभ्या गाडीला खातो. तळाचा पत्रा सडतो, ब्रेक ड्रममध्ये चिकटतात, चाकं जाम होतात. जाम चाकांची गाडी टोचन करून नेता येत नाही, हायड्रा (गाडी उचलणारी क्रेन) बोलवावी लागते आणि तिचं भाडं तुमच्या रकमेतून जातं. पावसात बांधकामं मंदावली की लोखंडाचा भावही बहुधा सैल होतो. काही कारणाने थांबायचंच असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा, आठवड्यातून एकदा चार फूट मागे-पुढे ढकला.

किलोचा भाव आणि हातात येणारी रक्कम

फोनवर प्रत्येक जण किलोचा भाव सांगतो. तो कशावर, हे कुणी आपणहून सांगत नाही. कारच्या वजनात लोखंड-पोलाद साधारण ६५ ते ७० टक्के असतं. बाकी ॲल्युमिनियम, तांबं, प्लॅस्टिक, काच, रबर, फोम. म्हणून दर दोन तऱ्हांनी सांगतात. एक जण गाडीच्या पूर्ण वजनावर बोलतो, दुसरा ‘कचरा’ वजा करून उरलेल्या वजनावर.

समजा आरसीवर गाडीचं वजन ७२० किलो आहे. पहिल्याने पूर्ण वजनावर किलोला २५ रुपये सांगितले: १८,००० रुपये. दुसऱ्याने ३३ सांगितले, पण ३० टक्के कापून. म्हणजे ५०४ किलो गुणिले ३३, झाले १६,६३२. ऐकायला ३३ मोठा, हातात मात्र तेराशे अडुसष्ट कमी. (हे दर हिशेबासाठी घेतले आहेत, बाजारातला भाव रोज हलतो.) तिसरा ‘गाडीला ठोक इतके’ सांगतो. ठोक भाव वाईटच असतो असं नाही, पण त्याला वजनाने भागून पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

वजन कुठून काढायचं? आरसीवर ‘अनलॅडन वेट’, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, असा आकडा असतो, तोच धरा. काट्याची पावती त्यापेक्षा शंभर किलो कमी आली आणि गाडीतून काही काढलेलं नसेल, तर काटा पुन्हा करायला लावा. गाडी फ्लॅटबेडवरून, म्हणजे ती पाठीवर घेऊन जाणाऱ्या ट्रकवरून, जात असेल तर फ्लॅटबेड आधी रिकामा आणि मग भरलेला, असे दोन काटे होतात. यातली जुनी चलाखी: रिकाम्या काट्याच्या वेळी ड्रायव्हर आणि पोऱ्या केबिनमध्ये बसलेले, भरलेल्या काट्याच्या वेळी दोघं खाली उतरलेले. दोन माणसांचे १३० किलो, २५ रुपयांनी ३,२५० रुपये गेले. दोन्ही वेळा केबिन रिकामी ठेवायला सांगा आणि दोन्ही पावत्यांचे फोटो घ्या. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, तेही बघा.

भाव विचारताना किमान तीन ठिकाणी तेच पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. पूर्ण वजन की कापून? नेण्याचं भाडं कुणाचं? बॅटरी किंवा टायर नसतील तर किती कमी? पैसे कधी आणि कुठल्या खात्यातून? डिपॉझिट सर्टिफिकेट (गाडी मोडीत दिल्याचा नोंदणीकृत केंद्राचा दाखला) कुणाच्या नावाने आणि किती दिवसांत? तोंडी भाव गाडी दारात लोड झाल्यावर हटकून उतरतो. लिहिलेला भाव सहसा उतरत नाही.

काय काढावं, काय हात न लावता ठेवावं

इथे लोक जास्तीच्या हावेने नुकसान करून घेतात. कुणीतरी सांगतं की सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चांगले जातात, की निघाले पाने घेऊन. पण गाड्या मोडीत काढणारं केंद्र पूर्ण गाडीचा भाव देतं. अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर काढून नेलेत तर केंद्रवाले त्या भागांच्या किमतीहून जास्त कापतात, आणि तुमचा भाग दुकानदार जुन्याच्या भावात घेतो.

काढण्याजोग्या वस्तू मोजक्या. बॅटरी, पण दुसऱ्या गाडीला नवी घ्यायची असेल तरच. दुकानदार जुनी परत घेऊन बिलातून वजावट देतो, ती बहुधा भंगाराच्या किमतीहून बरी असते. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, पार्किंग कॅमेरा, सीट कव्हर, मॅट. बाहेरून घेतलेले अलॉय व्हील. आणि टायर, चांगले असतील तरच. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘३४२३’ म्हणजे २०२३ सालचा ३४वा आठवडा. दोन-तीन वर्षांच्या आतला आणि खाचा खोल असलेला टायर वेगळा विकला जातो. काढलात तर जागी घासलेले का होईना, दुसरे चढवा. चाकाशिवाय गाडी ढकलता येत नाही, आणि मग पुन्हा तीच हायड्रा.

सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅट-कॉन, म्हणजे धूर कमी विषारी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा डबा, जपा. मुंबईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो आला. आतल्या जाळीदार सिरॅमिकवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो आणि त्याच्यामुळे या डब्याला वजनापेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. मूळ कंपनीचा आणि नंतर बसवलेला स्वस्त डबा यांत मोठा फरक पडतो. कापून काढू नका, पण भाव ठरवताना ‘मूळ कॅट-कॉन जागेवर आहे’ हे स्वतःहून सांगा आणि त्याचे वेगळे किती धरलेत ते विचारा. गाडी देण्याच्या आदल्या आठवड्यात गॅरेजला लावलीत तर परत घेताना खाली वाकून तो आहे ना, एवढं बघा.

सीएनजी गाडीची टाकी घरी उघडू नका, व्हॉल्व्ह सोडून गॅस बाहेर टाकू नका. शक्य असेल तर गाडी चालवून गॅस संपवा. सिलिंडरला ठरावीक मुदतीने हायड्रो टेस्ट लागते. चाचणी उलटलेला सिलिंडर ‘वेगळा विकतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देणं म्हणजे दुसऱ्याच्या डिकीत बॉम्ब ठेवणं. एअरबॅगही तशीच, तिच्यात स्फोटक असतं. एसीचा गॅस केंद्रात यंत्राने काढून घेतात, त्याला हात लावायचं कारण नाही.

पेट्रोलचं मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. टाकीत दहा लिटर सोडून दिलेत तर आजच्या भावाने हजाराच्या वर रक्कम फुकट गेली. शेवटच्या महिन्यात टाकी भरू नका. दोन-तीन लिटर पुरे.

कागद आधी, गाडी मागून

पैसे अडतात ते इथे. वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. नोंदणीकृत केंद्र गाडी घेण्याआधी सरकारी नोंदीत तपासतं: चोरीची नाही ना, कर्जाचा बोजा नाही ना, थकबाकी किंवा ब्लॅकलिस्ट नाही ना. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. मग बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओची वारी. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१. ई-चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ॲपवर पाहून मिटवा. जुनी चलानं लोकअदालतीत तडजोडीने कमी रकमेत सुटू शकतात, म्हणून तारीख जवळ असेल तर थांबणं परवडतं.

हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा एक गुंता आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बंधनकारक झाली, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. मोडीत जाणाऱ्या गाडीवर हा खर्च कशाला, हे बरोबरच. पण प्लेट नसेल तर आरटीओत बोजा उतरवणं, नाव बदलणं ही कामं अडवली जातात. म्हणजे आरसी स्वच्छ आणि तुमच्याच नावावर असेल तर प्लेट टाळा, बोजा किंवा वारसाचं काम बाकी असेल तर आधी ती बसवून घ्या.

केंद्र निवडताना एमएच-०४, एमएच-४३ असा विचार करू नका. देशात कुठेही नोंदलेली गाडी कुठल्याही नोंदणीकृत केंद्रात देता येते. परिवहन मंत्रालयाच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवर यादी आहे, ठाण्याबरोबर रायगड, पालघर आणि पुणेही पाहा. फक्त लांबचं भाडं भावातून वजा करून तुलना करा.

शीळफाट्याच्या किंवा तुर्भ्याच्या गोदामवाल्याने रोख दोन हजार जास्त दिले तर? तो डिपॉझिट सर्टिफिकेट देऊ शकत नाही, आणि आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते. त्या नंबरवर पुढे अपघात झाला तर भरपाईचं दायित्व नोंदीतल्या मालकावर येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. चेसिस नंबर आणि आरसी चोरीच्या गाडीला चिकटवण्याचा धंदाही त्यावरच चालतो.

आणि सर्टिफिकेटची किंमत त्या दोन हजारांहून खूप मोठी असू शकते. केंद्र सरकारच्या नियमांत ते दाखवून घेतलेल्या नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची मुभा आहे, प्रत्यक्ष टक्केवारी राज्य ठरवतं. ८ लाखांच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के कर, म्हणजे ८८,०००. सवलत १५ टक्के धरली तरी १३,२०० रुपये. जवळजवळ अजून एका गाडीचं भंगार! नोंदणी फी माफ होते, ती वेगळी. बुकिंगआधी डीलरकडून चालू टक्केवारी कोटेशनवर लिहून घ्या. कंपनीची स्क्रॅप सवलत आणि एक्स्चेंज बोनस सहसा एकत्र मिळत नाहीत, दोन्ही आकडे मागून मोठा घ्या. पाडव्याला नवी गाडी हवी तर महिना-दीड महिना आधी जुनी द्या, कारण नव्या गाडीची नोंदणी होताना सर्टिफिकेट हातात लागतं. नवी घ्यायचीच नसेल तर ते दुसऱ्याला हस्तांतरित करता येतं, त्याचेही पैसे येतात.

देण्याच्या दिवशी

मूळ आरसी, पॅन, आधार, रद्द केलेला चेक. प्रतींवर ‘फक्त वाहन मोडीत काढण्यासाठी’ असं लिहून तारीख टाका. गाडीचे चारही बाजूंनी, मीटरचे आणि चेसिस नंबरचे फोटो. डॅशबोर्डचा कप्पा, सीटखाली, स्टेपनीची जागा रिकामी करा. पैसे खात्यात आल्याचा मेसेज वाचल्यावरच चावी द्या. ‘पोचल्यावर टाकतो’ या वाक्यावर गाडी हलवू देऊ नका.

नंतर दोन कामं. विमा कंपनीला गाडी मोडीत काढल्याचं कळवून पॉलिसी रद्द करा आणि नो क्लेम बोनसचं पत्र मागा. ते ३ वर्षं चालतं. ५० टक्के बोनस असेल आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता समजा २०,००० असेल, तर १०,००० वाचतात. जुनी पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस गेला, त्यामुळे गाडी उभी असली तरी विमा लांबवू नका. दुसरं फास्टॅग. बँकेला कळवून तो बंद करा, शिल्लक आणि ठेव परत येते. स्टिकर काचेवरून खरवडून फाडूनच टाका.

महिन्याभराने एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहा. आरसी अजून ‘ॲक्टिव्ह’ दिसत असेल तर केंद्राकडून मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र घेऊन वाशी किंवा ठाणे, जिथली नोंदणी असेल त्या आरटीओत अर्ज द्या.