जुना कॉम्प्युटर उशिरा सुरू होतो, स्क्रीन बिघडते: आधी वेळ मोजा, मग स्क्रू उघडा

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की दोनच सल्ले मिळतात. फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन घ्या. त्या दोन्हींच्या आधी एक बिनपैशाचं काम करा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि तीन टप्प्यांना लागलेला वेळ कागदावर लिहा. स्क्रीन काळी झाल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत किती वेळ गेला, तिथून डेस्कटॉप येईपर्यंत किती, आणि डेस्कटॉप आल्यावर एखादं फोल्डर क्लिक करताच उघडायला लागेपर्यंत किती. मोजताना शट डाउन करू नका, रीस्टार्टच करा. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे खरी वेळ कळत नाही.

हे तीन आकडे हातात आले की अर्धं निदान झालं. पहिल्या टप्प्यात विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथे अडकणाऱ्या मशीनला दहा वेळा फॉरमॅट मारलं तरी काडीचा फरक पडत नाही.

चिन्ह येण्याआधीच अडकत असेल तर

मागे लावलेलं सगळं काढा: पेनड्राइव्ह, प्रिंटर, कार्ड रीडर. फक्त कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर ठेवून पुन्हा मोजा. विसरलेला पेनड्राइव्ह हे फार नेहमीचं कारण आहे, कारण मशीन आधी त्याच्यावर विंडोज शोधत बसतं. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानांत) जाऊन बूटचा, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं त्याचा, क्रम बघा. नेटवर्क किंवा डीव्हीडी पहिल्या नंबरवर असेल तर डिस्क वर आणा. बंद पडलेला डीव्हीडी ड्राइव्हही अशीच वाट बघायला लावतो. त्याची केबल काढून ठेवली तरी चालतं.

तारीख दर वेळी मागे जात असेल किंवा सुरू होताना एफ१ दाबायला सांगत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल बहुधा संपला आहे. सीआर२०३२ म्हणून मागा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर बँकेच्या साइटलाही 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतो, आणि लोक उगाच इंटरनेटवाल्याला फोन लावतात.

सेल बदलण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे टाळू नका. सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातात, आणि काही जुन्या बोर्डांवर साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून आयडीई होतो. मग विंडोज निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. फोटो बघून मोड पूर्ववत करा, मशीन सुरळीत चालू होईल. सेल काढताना प्लग पूर्ण काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बाजूची पत्र्याची क्लिप हलकेच सरकवा. नवा सेल बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर.

चिन्ह फिरत राहतं: इथे बहुधा हार्ड डिस्कच

मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंदांच्या आसपास. त्यात हेड जागेवर सरकायचा वेळ धरला की एक छोटा तुकडा वाचायला दहा-बारा मिलिसेकंद सहज जातात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. म्हणून जुन्या मशीनवर एकाच गोष्टीवर पैसे टाकायचे असतील तर ते एसएसडीवर टाका. बोर्ड जुना असून त्यावर डिस्कसाठी जुनी, हळू साटा २ जोडणी असली तरी फरक लगेच जाणवतो.

पण आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. निळा 'गुड' दिसला तर ठीक. पिवळा 'कॉशन' दिसला तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या. यादीतल्या तीन ओळी महत्त्वाच्या. ०५ म्हणजे डिस्कने बदलून टाकलेले खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे सेक्टर, हा आकडा शून्याच्या वर असणं चांगलं नाही. सी७ वाढत असेल तर डिस्कपेक्षा साटा केबलवर संशय घ्या. केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा आणि आकडा वाढायचा थांबतो का बघा. जुना आकडा शून्य होत नाही, त्यामुळे वाढ थांबली एवढंच पुरे. खराब डिस्कवर बॅकअप घेण्याआधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासणी, चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला त्याने आणखी ताण पडतो.

एसएसडी २.५ इंची साटा, २४० किंवा २५६ जीबीची घ्या. घरच्या कामाला तेवढी पुरते, आणि जुनी डिस्क धडधाकट असेल तर साठवणीसाठी तशीच राहू द्या. जुनं विंडोज क्लोन करण्यापेक्षा, म्हणजे जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवण्यापेक्षा, नव्याने टाकलेलं बरं, कारण क्लोनमध्ये वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल. विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फाइली जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात आणि पुढे ती काढली की मशीन सुरूच होत नाही. मदरबोर्ड तोच असेल आणि आधीचं विंडोज डिजिटल लायसन्सवर असेल तर इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रं आणि मराठी टायपिंगपुरतं आहे त्यांनी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघावी. डिस्कवर न टाकताही ती बघता येते.

डेस्कटॉप आला, पण काही उघडत नाही

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये जे रोज लागत नाही ते डिसेबल करा: मीटिंगची अ‍ॅप, गेम लाँचर, प्रिंटरचे मदतनीस. अँटिव्हायरस आणि ग्राफिक्सच्या नोंदींना हात लावू नका. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढाच, दोघे एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. मग 'परफॉर्मन्स'मध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल तर वरचा भाग पुन्हा वाचा. मेमरी ८५-९० टक्के भरली असेल तर रॅम वाढवा. ४ जीबीची ८ करा, पण विंडोज ३२ बिट असेल तर त्याला ४ जीबीपुढची रॅम वापरताच येत नाही. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाताना जुनी रॅम सोबत न्या.

नागपूरचा उन्हाळा, धूळ आणि कूलर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा खोलीतली हवाच तापलेली असते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच कमी करतो. सकाळी बरं चालणारं मशीन दुपारी रखडत असेल तर कारण बहुधा हेच. प्लग काढून कॅबिनेट गॅलरीत न्या आणि ब्लोअरने धूळ उडवा, पण पंख्याची पाती बोटाने धरून. पाती वाऱ्याने गरगरली तर बेअरिंग खराब होतं.

प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या पंख्याच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट पाच-सहा वर्षांची असेल तर बदला. इंटेलच्या प्रोसेसरवरच्या चार खुंट्यांच्या पंख्यात (यालाही कूलरच म्हणतात) प्रत्येक खुंटी तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याच्या दाण्यापेक्षा लहान टाका. बसवताना खुंट्या उलट फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या जोडीने दाबा. एक जरी अर्धवट बसली तर मशीन तापून बंद पडू शकतं.

आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर नको. ओली हवा धुळीसोबत आत जाते, तिचा थर बसतो आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपटतात. पुढचा त्रास बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

स्क्रीन काळी, रंग बिघडलेले, आयकॉन मोठे

पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही, वर बीप-बीप आवाज येतो. प्लग काढा, रॅमच्या दोन्ही टोकांच्या खटक्या उघडा, रॅम सरळ वर काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी पट्ट्यांच्या दोन्ही बाजू एकाच दिशेने पुसा. कीस बाहेर झटका, स्लॉटमध्ये पडू देऊ नका. खाच जुळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबा, खटक्यांचा टक आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही.

पांढरं पान पिवळट दिसत असेल तर निळा रंग पोचत नाही, गुलाबी दिसत असेल तर हिरवा, आकाशी दिसत असेल तर लाल. व्हीजीए केबलचं टोक काढून पिना बघा. वाकलेली पिन बारीक चिमट्याने सरळ करा. मधल्या ओळीत एक पिन नसेल तर घाबरू नका, नववी पिन पुष्कळ केबलींमध्ये मुळातच नसते.

विंडोज नव्याने टाकल्यावर सगळं ढोबळ आणि ताणलेलं दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असं नाव असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. बोर्डाचं मॉडेल शोधून कंपनीच्या साइटवरूनच तो घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारी सॉफ्टवेअर टाळा, त्यांच्यासोबत नको ते स्टार्टअपमध्ये येऊन बसतं. मग रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचं ठेवा: साडेअठरा इंचाला बहुधा १३६६ गुणिले ७६८, साडेएकवीसला १९२० गुणिले १०८०. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर बदल टीव्हीच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये करायचा, कॉम्प्युटरमध्ये नाही.

नुसता बाण दिसतो, बाकी काळं? टास्क मॅनेजर उघडा, 'रन न्यू टास्क'मध्ये इंग्रजीत एक्सप्लोरर असं टाइप करा. डेस्कटॉप परत येतो. चालता चालता स्क्रीन गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. फक्त आयकॉन गायब असतील तर रिकाम्या जागी राइट क्लिक, 'व्ह्यू', आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर टिक.

एवढं करूनही काळीच राहिली तर अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरपी धरा. अंधुक चित्र दिसलं तर कॉम्प्युटर ठीक आहे, मॉनिटरचा बॅकलाइट, म्हणजे चित्रामागचा उजेड, गेला आहे. मॉनिटर आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल एवढी वीज साठलेली असू शकते.