मोनेरोचं पेमेंट आलं नाही? आधी मशीन बघा, मग पूल, मग वॉलेट

मोनेरो हे आभासी चलन कॉम्प्युटरला गणितं करायला लावून मिळवता येतं, त्याला मायनिंग म्हणतात; अनेकांची ताकद एकत्र करून मिळकत वाटतो तो पूल, आणि पैसे जमा होतात ते वॉलेट. "पूलनं पैसे बुडवले" म्हणत जी पोरं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे पैसे कुणी बुडवलेले नसतात. कधी ते पूलच्या किमान मर्यादेपर्यंत पोचलेलेच नसतात. कधी पूलनं केव्हाच पाठवलेले असतात, पण वॉलेट तीन महिने मागे असतं. कधी मशीनच अर्ध्या ताकदीनं चालत असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून मी आधी चार आकडे मागते: मायनर (मायनिंगचं सॉफ्टवेअर) स्वतः दाखवतो तो हॅशरेट (सेकंदाला होणारी गणितं, म्हणजे हॅश), पूलच्या पानावर दिसतो तो हॅशरेट, शेवटच्या पेमेंटचा व्यवहार क्रमांक, आणि वॉलेट कुठल्या ब्लॉकपर्यंत (व्यवहारांच्या नोंदवहीच्या कितव्या पानापर्यंत) आलंय तो आकडा. जिथं मेळ बसत नाही तिथं बिघाड. हे चार आकडे समोर नसताना काहीही पुसून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका.

मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्ती करते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि गल्लोगल्लीच्या ग्राफिक कार्डांच्या रिग धूळ खात पडल्या. तेव्हापासून ज्याला घरच्या साध्या प्रोसेसरवर काही करून बघायचं असतं तो मोनेरोकडे वळतो. त्याचा रँडमएक्स हा अल्गोरिदम नोव्हेंबर २०१९ पासून आहे आणि तो प्रोसेसरला धार्जिणा आहे. तेव्हा इथलं सगळं मोनेरो आणि एक्सएमरिग या मायनरबद्दल.

मशीन

नेहमी येणारं मशीन म्हणजे रायझन ५ ३६००. बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ३२ एमबी एल-थ्री कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी). रँडमएक्सला प्रत्येक थ्रेडमागे २ एमबी कॅश लागते, म्हणजे इथं बाराही थ्रेड आरामात बसतात. रॅम बरी असेल तर साडेसहा ते सात हजार हॅश मिळायला हवेत. (५६००जी वाल्यांनी लक्षात ठेवा, तिथं कॅश १६ एमबीच आहे. आठ थ्रेडच्या वर नेऊन उपयोग नाही.) निम्माच हॅशरेट दिसत असेल तर मायनर सुरू होताना ज्या ओळी भराभर वर जातात, त्या एकदा शांतपणे वाचा. उत्तर बहुधा तिथंच असतं.

पहिली ओळ ह्यूज पेजेसची, म्हणजे रॅम मोठ्या सलग तुकड्यांत घेण्याची. तिथं २३३६ एमबी आणि पुढे ११६८/११६८, शंभर टक्के, असं दिसलं पाहिजे. २०८० एमबीचा डेटासेट आणि २५६ एमबीची कॅश (ही रॅममधली, प्रोसेसरची नव्हे), त्याचे २ एमबीचे तुकडे, असा तो हिशेब. आकडा कमी असेल तर विंडोजवर एक्सएमरिग एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, मग मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट टाळला तर परवानगी लागूच होत नाही, आणि नेमका तोच सगळे टाळतात. चालू झाल्यावर क्रोम उघडायच्या आधी मायनर सुरू करा. मेमरीचे तुकडे पडल्यावर सलग जागा मिळत नाही.

दुसरी ओळ लाल रंगात येते: 'फेल्ड टू अप्लाय एमएसआर मॉड, हॅशरेट विल बी लो'. एमएसआर मॉड म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगमधला बदल. इथंही ॲडमिनिस्ट्रेटरचाच मुद्दा. लिनक्सवर असाल तर बायोसमधलं सिक्युअर बूट आड येतं. विंडोजवर अँटिव्हायरस त्यासाठी लागणारा ड्रायव्हर गिळून टाकतो. कधी तर अख्खा एक्सएमरिगच गायब करतो, कारण हेच सॉफ्टवेअर चोरटे लोक दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लपवून चालवतात. अँटिव्हायरसमध्ये त्या फोल्डरला सूट द्यायला हरकत नाही, पण फाइल अधिकृत ठिकाणाहूनच घेतलेली हवी आणि तिचा शा-२५६ (फाइल अस्सल आहे का ते ताडायचा आकडा) जुळलेला हवा. टेलिग्रामवरून 'रेडीमेड सेटिंग'वालं एक्सएमरिग उतरवलं असेल तर कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उघडून वॉलेटचा पत्ता कुणाचा आहे ते बघा. तुमचं वीजबिल आणि त्याचं मोनेरो, असा प्रकार मी बघितलाय.

तिसरी गोष्ट रॅम. आठची एकच पट्टी लावून 'सोळाची नंतर बघू' म्हणणाऱ्यांचा हॅशरेट तिथंच मार खातो. दोन पट्ट्या हव्यात, आणि चार स्लॉटच्या बोर्डवर त्या बहुतेक ठिकाणी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

आता एक बिघाड जरा सविस्तर सांगते, कारण तो आपल्याकडचाच आहे. मिरजेच्या एका मुलाचं मशीन लाईट गेली की दर वेळी मंद व्हायचं. सहा हजार आठशेचे सव्वापाच हजार व्हायचे. त्यानं मायनर बदलला, पूल बदलला, विंडोज नवं टाकलं. मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं तर तारीख काही वर्षं मागची. म्हणजे बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल संपलेला. वीज गेली की बायोस सगळं विसरायचा, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) बंद पडायचं आणि ३२०० ची रॅम आपली २१३३ वर रांगायची. पूलचं पानही उघडायचं नाही, कारण मागच्या तारखेमुळे ब्राउझरला प्रमाणपत्रच खोटं वाटायचं. किरकोळ पैशांचा सेल बदलला, एक्सएमपी पुन्हा चालू केलं. वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं यासाठी बायोसमध्ये एक पर्याय असतो, तोही लावून दिला. तुमच्या इथं वीज वारंवार जात असेल तर एवढं आजच करून घ्या.

उष्णतेचं थोडक्यात. ३६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, पण सतत ८५ च्या वर चालवू नका. आमच्याकडे गळीत हंगामात कारखान्यांची काजळी पंख्यात जाऊन बसते, त्यामुळे हंगाम संपला की हीटसिंक काढून साफ करायचा. एप्रिल-मेमध्ये थ्रेड कमी करा.

ग्राफिक कार्डांचा जुना रिग अजून कुणी चालवत असेल तर एकच तपासा: रायझरला (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या पट्टीला) वीज साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या पिनेतून दिली आहे का? साटाची पिन १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरती असते, आणि कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. वितळलेल्या पिवळ्या वायरी बघायच्या असतील तर दुकानात डबाभर ठेवल्यात. सहा पिनांची पीसीआयई केबलच वापरा.

पूल

पूल तुमचा हॅशरेट मोजत नाही, अंदाज करतो. तुम्ही किती शेअर (केलेल्या कामाचे पुरावे) पाठवले आणि ते किती कठीण होते, त्यावरून. समजा शेअरची डिफिकल्टी १,२०,००० आहे आणि मशीन साडेसहा हजार हॅश करतंय, तर साधारण अठरा सेकंदांना एक शेअर जाईल, दहा मिनिटांत तीसेक. तेवढ्यात नशिबाचा भाग बराच असतो, त्यामुळे पूलवर कधी पाच हजार दिसतील, कधी आठ. ते बघून पूल बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. चोवीस तासांची सरासरी बघा आणि ती मायनरच्या पंधरा मिनिटांच्या आकड्याशी ताडून घ्या. दोन-चार टक्के इकडेतिकडे चालतं. एक्सएमरिग स्वतःसाठी एक टक्का वेळ घेतोच, म्हणजे शंभरातलं एक मिनिट.

फरक मोठा असेल तर 'ॲक्सेप्टेड'च्या पुढचा कंस बघा. १२५०/३ म्हणजे तीन नाकारले, चिंता नको. नाकारलेले वाढत असतील आणि कारण 'लो डिफिकल्टी शेअर' असेल तर मशीन चुकीचं गणित करतंय: रॅमचं किंवा प्रोसेसरचं ओव्हरक्लॉक काढा. 'ब्लॉक एक्सपायर्ड' असेल तर शेअर उशिरा पोचतोय, जवळचा सर्व्हर निवडा. 'नो ॲक्टिव्ह पूल्स, स्टॉप मायनिंग' आलं तर मोबाईलचं हॉटस्पॉट जोडून बघा. तिथं चालतंय आणि घरच्या वायफायवर नाही, म्हणजे पोर्ट अडवलाय. बऱ्याच पूलकडे टीएलएससह (कूटबद्ध जोडणीसह) ४४३ पोर्ट असतो, तो टाका, बहुधा काम होतं.

लॉगिनच होत नसेल तर पत्त्याची अक्षरं मोजा. मोनेरोचा साधा पत्ता ९५ अक्षरांचा, मुख्य पत्ता ४ नं सुरू होतो आणि उपपत्ता ८ नं. उपपत्ता सगळीकडे चालत नाही, म्हणून मायनिंगला मुख्यच द्या. वर्करचं (म्हणजे तुमच्या मशीनचं) नाव काही पूल पत्त्यानंतर टिंब देऊन घेतात, काही पासवर्डच्या जागी. त्यांच्या मदत-पानावर असतं, वाचा. आणि पत्ता चिकटवल्यावर मूळ पत्त्याशी सुरुवातीची, मधली आणि शेवटची अक्षरं जुळवा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस फिरत असतात. शंका आली तर नोटपॅडमध्ये चिकटवून बघा.

आता मुख्य तक्रार, पेमेंटची. मोनेरोमध्ये दर दोन मिनिटांना एक ब्लॉक, दर ब्लॉकला ०.६ मोनेरो, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला ४३२. नेटवर्कचा, म्हणजे जगभरच्या सगळ्या मशीनांचा हॅशरेट पाच गिगाहॅश (पाचशे कोटी हॅश) धरला आणि तुमचा सात हजार, तर तुमच्या वाट्याला रोजचे ०.०००६ येतात. पूलची किमान मर्यादा ०.१ असेल तर पहिलं पेमेंट साडेपाच महिन्यांनी! नेटवर्कचा आकडा रोज बदलतो, तुमचा हिशेब ताज्या आकड्यानं करा. बहुतेक पूलच्या सेटिंगमध्ये मर्यादा खाली आणता येते, पण मग पाठवणीचा खर्च कापतात का ते बघा. भिंतीपासून शंभर वॅट धरले तर महिन्याला ७२ युनिट जातात, ते महावितरणच्या शंभर-तीनशेच्या टप्प्यात तुम्हाला कुठं ढकलतात तेही बघा. माझं मत विचाराल तर यात कमाई नाही, शिकायला मिळतं. जे काही मिळेल त्यावर कर ३० टक्के, विक्रीवर एक टक्का टीडीएस, आणि वीजबिल त्यातून वजा होत नाही.

'पेंडिंग' दिसणारी रक्कम अडकलेली नसते. ब्लॉक सापडल्यावर त्याचं बक्षीस ६० ब्लॉक कुलपात राहतं, म्हणजे दोनेक तास. पी-टू-पूल (मालक नसलेला, मायनरांनी मिळून चालवलेला पूल) वापरत असाल तर पैसे थेट ब्लॉकमधून वॉलेटला येतात, पण हेच दोन तास तिथंही लागतात. छोटं मशीन त्याच्या मोठ्या साखळीला लावलंत तर मोजणीच्या खिडकीत (शेअर धरले जातात त्या कालावधीत) तुमचा एकही शेअर नसताना ब्लॉक सापडतो आणि हाती शून्य येतं. त्यासाठीच 'मिनी' ही छोटी साखळी आहे, ती घ्या.

वॉलेट

पूलच्या पानावर व्यवहार क्रमांक आहे, तरी वॉलेटमध्ये शून्य. इथं पोरं घाबरतात. एक्सप्लोररवर (व्यवहार शोधायच्या वेबसाइटवर) शोधलं तर पत्ताही दिसत नाही, रक्कमही नाही. मोनेरो तसंच बनवलंय. आधी खालच्या डाव्या कोपऱ्यात वॉलेटचे किती ब्लॉक बाकी आहेत ते बघा. दिवसाला ७२० ब्लॉक, त्यावरून किती दिवस मागे आहात ते कळेल. आकडा हलतच नसेल तर रिमोट नोड (ज्या दुसऱ्याच्या मशीनवरून वॉलेट नोंदवही वाचतं ते) बदला. फुकटचे नोड अनेकदा स्वतःच मागे असतात. घरी स्वतःचा नोड चालवायचा तर २०० जीबीहून जास्त जागा लागते, 'प्रून' (छाटणी) केलेला त्याच्या निम्म्याहूनही कमीत बसतो.

वॉलेट ऑगस्ट २०२२ च्या आसपास अडकून बसलं असेल तर आवृत्ती जुनी आहे. तेव्हा नेटवर्कचे नियम बदलले आणि ०.१८ च्या आधीच्या आवृत्त्या तिथंच थांबल्या. नवी टाका, पैसे जागच्या जागी असतात.

सगळं जुळलंय, तरी जुनी पेमेंट गायब? मग रिस्टोअर हाइट, म्हणजे वॉलेट ज्या ब्लॉकपासून वाचायला लागतं तो आकडा. वॉलेट परत उभं करताना मार्चची तारीख दिली असेल तर जानेवारीची पेमेंट ते वाचतच नाही. सेटिंगमध्ये माहितीच्या पानावर तो आकडा असतो, त्यावर क्लिक करून मागे न्या आणि पुन्हा वाचू द्या. रात्रभर लागू शकते.

सीडचे (वॉलेट परत उभं करायचे गुप्त) शब्द घेत नसेल तर मोजा. मूळ वॉलेटचे २५ असतात, आणि २५ वा शब्द आधीच्या २४ पैकीच एक असतो. 'हा दोनदा लिहिला गेलाय' म्हणून तो खोडणारे महाभाग आहेत. १६ शब्द असतील तर ते फेदरसारख्या वॉलेटचे आहेत, तिथंच टाका.

पेमेंट थेट एक्सचेंजच्या पत्त्यावर घेत असाल तर थांबवा. बायनान्सनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो काढून टाकलं. तेव्हाचे पत्ते कॉन्फिग फाइलमध्ये तसेच पडून असलेले मला अजून दिसतात.

एवढं करूनही व्यवहार सापडला नाही, तर पूलकडून ट्रान्झॅक्शन की (पैसे पाठवल्याचा पुरावा देणारी चावी) घ्या. बरेच पूल ती पेमेंटच्या यादीतच देतात. वॉलेटच्या ॲडव्हान्स्ड विभागात प्रूव्ह/चेक उघडून व्यवहार क्रमांक, तुमचा पत्ता आणि ती की टाकली की किती रक्कम त्या पत्त्यावर गेली ते आकड्यासह दिसतं. रक्कम दिसली म्हणजे प्रश्न तुमच्या वॉलेटचा. नाही दिसली तर पूलला लिहा: पत्ता, वर्करचं नाव, व्यवहार क्रमांक आणि वेळ. वेळ यूटीसीत द्या, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. आपल्याकडे पहाटे दोनला झालेलं पेमेंट तिथं आदल्या रात्री साडेआठचं असतं, आणि 'सात तारखेचं आलंच नाही' म्हणणाऱ्याचं पेमेंट सहा तारखेखाली सापडतं. बहुतेक मोनेरो पूलवर खातं नसतं, तुमची ओळख म्हणजे तुमचा पत्ता. त्यामुळे 'पूल सपोर्ट' म्हणून कुणी तुमचे २५ शब्द मागितले तर त्याला तिथंच ब्लॉक करा. मलाही ते शब्द दाखवू नका, कुठल्याही दुरुस्तीला ते लागत नाहीत.