जुनी करवत, नवी करवत: सरपण कापताना या चुका टाळा

चेनसॉ नीट चालेनाशी झाली की माणसाचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. कार्बोरेटरचा स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे. माझाही जायचा. त्या खोडीपायी एका जुन्या करवतीचा पिस्टन मी स्वतःच्या हाताने जाळला. मूळ दुखणं निघालं पेट्रोलच्या नळीवरची केसाएवढी भेग. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी पेट्रोल, मग हवा, मग ठिणगी, मग साखळी. स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि तोही बहुतेक वेळा लागत नाही.

दुसरी गोष्ट उमगायला जास्त वर्षं गेली. प्रत्येक करवत तिच्या काळातल्या माणसाच्या सवयी गृहीत धरून बनवलेली असते. १९५० च्या दशकातली करवत धरून चालते की तुमचा अंगठा ऑइलच्या बटणावर आहे आणि कान इंजिनाकडे. आजची धरून चालते की तुम्ही ताजं पेट्रोल भराल, फिल्टर साफ ठेवाल आणि बाकीच्यात ढवळाढवळ करणार नाही. दोन्ही प्रकारच्या करवती बाळगणाऱ्यांच्या बऱ्याचशा चुका या सवयी एकमेकींत मिसळल्याने होतात.

पेट्रोल आणि ऑइल

आजच्या बहुतेक टू-स्ट्रोक करवतींना ५०:१ प्रमाण लागतं, म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, ५ लिटरच्या कॅनला १०० मिली. हे डोळ्यांच्या अंदाजाने होत नाही, मापाचं भांडं घ्या.

जुन्या करवतीच्या टाकीवर १६:१ लिहिलेलं दिसलं की लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण ते शब्दशः पाळतात. ते प्रमाण त्या काळच्या साध्या ३० नंबरच्या मोटर ऑइलसाठी होतं. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल लिटरला साठ-बासष्ट मिली घातलंत तर धूर, काळा प्लग आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बनचा थर, एवढंच हाती लागेल. दुसरे थेट ५०:१ वर जातात. जुन्या बेअरिंगची आणि झिजलेल्या पिस्टनची मला काळजी वाटते, म्हणून मी ३२:१ वर थांबतो, म्हणजे लिटरला साधारण ३१ मिली. ४०:१ वर चालवणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही.

इथेच एक गैरसमज आहे. ‘ऑइल जास्त घातलं की मिश्रण रिच होतं’, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, असं म्हणतात. होतं उलटं. तेवढ्याच मिश्रणात ऑइलने जागा घेतली की पेट्रोल कमी होतं आणि हवेच्या मानाने मिश्रण किंचित लीन, म्हणजे पेट्रोलला तोकडं, होतं. प्रमाण बदललं की कार्बोरेटर पुन्हा तपासावा लागतो तो यासाठीच.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. जुन्या करवतींच्या नळ्या आणि डायफ्राम (कार्बोरेटरमधला पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) तर ज्या रबराचे आहेत, त्याने इथेनॉल कधी पाहिलेलंच नव्हतं. नळी चिकट होते, नाहीतर कडक होऊन तडकते. डायफ्राम ताठ पडला की तो पेट्रोल ओढू शकत नाही. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळत असेल तर जुन्या करवतीसाठी तेच ठेवा. मिळत नसेल तर महिनाभरात संपेल इतकंच मिश्रण करा आणि काम झाल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

लक्षणं ओळखायला शिका. चोक ओढलेला असतानाच चालते आणि सोडला की मरते? पेट्रोल कमी पोचतंय. टाकीतला फिल्टर, नळी आणि मग डायफ्राम, या क्रमाने पाहा. दहा मिनिटं झकास चालून मरते? टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि करवत पुन्हा चालू झाली तर टाकीची हवा घेण्याची वाट बुजली आहे. असल्या करवतीचा अख्खा कार्बोरेटर खोलून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

दोरी ओढून दंड भरून आले तर

थंड इंजिन पूर्ण चोकवर एकदा ‘फट्’ करतं आणि विझतं. ती ‘फट्’ म्हणजे चोक अर्ध्यावर आणण्याचा इशारा. हा आवाज हुकला आणि तुम्ही ओढतच राहिलात की सिलिंडर पेट्रोलने भरतो. मग स्विच बंद करा, प्लग काढा, चोक उघडा, दोरी आठ-दहा वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर येऊ द्या आणि कोरडा प्लग बसवा. हे करताना प्लगची वायर भोकापासून लांब ठेवा. तिथून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

प्लगची फट साधारण ०.५ मिमी असते. जुन्या करवतीत प्लग चांगला असूनही ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलखालच्या पॉइंट्सवर, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांवर, गंज धरलेला असतो. नवी कॉइल शोधत फिरण्याआधी पॉइंट्समध्ये कोऱ्या कागदाची पट्टी सरकवून ओढून पाहा. कित्येकदा एवढंच काम असतं.

एका हातात करवत लोंबकळत धरून दुसऱ्या हाताने दोरीला हिसका देणं हा प्रकार दिसतो रुबाबदार. करवत वळली तर साखळी येते मांडीवर. जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत पायाचा पुढचा भाग घाला, पुढचा दांडा डाव्या हाताने दाबा आणि मग ओढा. चेन ब्रेक (करवत अंगाकडे उसळली तर साखळी थांबवणारा ब्रेक) असेल तर लावूनच चालू करा, पण वेग देण्याआधी तो सोडायला विसरू नका. ब्रेक लावून वेग दिला की क्लचचा डबा लाल होतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं.

स्क्रूला हात लावायचाच असेल तर

भरधाव वेगात, लाकडाबाहेर, दोन-तीन सेकंदांपुरतं इंजिन किंचित अडखळत, फरफरत चाललं पाहिजे आणि लाकडात गेल्यावर आवाज मोकळा, स्वच्छ झाला पाहिजे. स्वच्छ किंचाळी ऐकायला गोड लागते, पण ती लीन मिश्रणाची असते. त्यात ऑइलही कमी पोचतं, आणि पिस्टन जळतो तो असाच. ‘एच’चा, म्हणजे भरधाव वेगातलं पेट्रोल ठरवणारा, स्क्रू घट्ट करून जास्त ताकद मिळते हा भ्रम महागात पडतो.

वेग सोडल्यावर इंजिन सावकाश खाली येत असेल, किंवा आयडल (वेग न देता इंजिन चालतं तो वेग) स्वतःच्या मर्जीने वरखाली होत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरते आहे. क्रँकचे सील किंवा कार्बोरेटरमागचं रबर, बहुधा यांपैकीच एक. अशा वेळी स्क्रू फिरवणं म्हणजे ताप मोजायचा सोडून थर्मामीटर झटकणं.

नव्या करवतींपैकी काहींच्या स्क्रूवर टोप्या असतात. ज्यांत मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप जुळतं, त्यांत फिरवायला ‘एच’चा स्क्रूच नसतो. त्यांची ताकद कमी झाली तर हवेचा फिल्टर पाहा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी असलेली ठिणग्या अडवणारी जाळी काढून साफ करा आणि परत बसवा. ती कार्बनने बुजलेली असते.

भुसा पडतोय की ढलप्या?

सगळ्यात जास्त शिव्या इंजिन खातं आणि सगळ्यात जास्त दोष असतो साखळीचा. बारखाली (साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) पीठ पडत असेल, करवत दाबावी लागत असेल, लाकडातून धूर येत असेल, तर धार गेली आहे. धारेच्या साखळीला फक्त करवतीचं वजन पुरतं आणि खाली पडतात जाडसर ढलप्या.

आज आपण वापरतो त्या साखळीच्या दाताचं श्रेय जोसेफ कॉक्स या अमेरिकी लाकूडतोड्याला जातं. एक अळी लाकूड डावी-उजवीकडे कुरतडत पुढे जाताना त्याने पाहिली आणि १९४७ मध्ये तशाच दातांची साखळी विकायला काढली. त्याआधीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे ओरखडणारे होते. ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की फार जुन्या करवतीसोबत कधीकधी तसली साखळी मिळते आणि लोक तिला गोल कानस लावून तिचा सत्यानाश करतात. तिला चपटी कानस लागते. खरं तर ती साफ करून भिंतीवर टांगा आणि करवतीला आजच्या दातांची साखळी घ्या.

कानसेचा जाडपणा साखळीच्या पिचवर, म्हणजे तिच्या कड्यांच्या मापावर, ठरतो. पिच कळत नसेल तर ओळीने तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून दोनने भागा. ०.३२५ इंचाला ४.८ मिमी, लहान करवतींवरच्या लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, मोठ्या ३/८ ला साधारण ५.५ मिमी (काही कंपन्या ५.२ सांगतात) आणि ०.४०४ ला ५.५ मिमी. जाड कानस दाताचा गळा भरत नाही आणि बारीक कानस दाताला आकडा पाडते. असा आकडेदार दात अर्धा तास जोरात कापतो आणि मग एकदम बोथट होतो. बहुतेक साखळ्यांवर ३० अंशांची रेघ असते, ती पाळा. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची.

काप वाकडा, केळ्यासारखा येतो? एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब राहिले आहेत. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जोर जास्त पडतो, म्हणून हे बहुतेकांचं होतं. सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकी सगळे त्याच्याइतके करा. तरीही वाकडं कापत असेल तर बार काढून सपाट फरशीवर उभा धरा. एका बाजूची कड झिजून बार कलतो.

दातापुढची बुटकी खुंटी विसरली जाते. दात घासत गेलात की तो खाली जातो, खुंटी उंच राहते आणि धार असूनही दात लाकडात शिरत नाही. साधारण ०.६५ मिमी फरक हवा. हा अंदाजाने करू नका, गेज वापरा. खुंटी फार खाली गेली की करवत लाकूड पकडून हिसके देते आणि उसळण्याचा धोका वाढतो.

आणि हो, साखळी उलटी बसवण्याची चूक. हसू नका. नवी साखळी, नवा बार, ठणठणीत इंजिन आणि लाकडावर नुसता काळा डाग. वरच्या बाजूच्या दातांची धार बारच्या टोकाकडे असली पाहिजे.

साखळी बदलताना स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाकही पाहा. त्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल खाचा पडल्या असतील तर नवी साखळीही लवकर जाईल.

ऑइलचं बटण

कित्येक जुन्या करवतींत बारला ऑइल आपोआप जात नाही. अंगठ्याने पंप दाबावा लागतो, दर कापात, दोन-तीनदा. नव्या करवतीवरून आलेला माणूस हे विसरतो आणि अर्ध्या तासात बार निळा पडतो. नव्या करवतीत पंप आपोआप चालतो, पण बारचं छोटं भोक भुशाने बुजतं. तपासायला सोपं: टोक पांढऱ्या लाकडापासून वीतभर लांब धरून वेग द्या, ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. गाडीतलं वापरलेलं काळं ऑइल घालू नका. त्यात धातूचा कचरा असतो आणि ते तुमच्या कपड्यांवर, हातांवर, श्वासात उडतं. बॅटरीच्या करवतीलाही बारचं ऑइल लागतं, आणि तिच्या साखळीला हात लावण्याआधी बॅटरी काढायची असते.

जुनी घेताना

रंग पाहू नका. दोरीच्या मुठीला धरून करवत हळूच लोंबकळू द्या. सर्रकन खाली आली तर दाब गेला आहे. थांबत, टप्प्याटप्प्याने उतरली तर आशा आहे. सायलेन्सर काढून पिस्टनकडे बॅटरी मारा. उभे ओरखडे दिसले तर किंमत फक्त सुट्या भागांची.

विकत आणल्या आणल्या सुरू करण्याचा मोह आवरा. पिस्टन अडकला असेल तर प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून रात्रभर ठेवा. क्लच काढताना ध्यानात असू द्या, बहुतेक करवतींत त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर क्रँकचं टोक मोडेल. १९५९ मध्ये स्टील (Stihl) या जर्मन कंपनीने गिअर नसलेली ‘कॉन्ट्रा’ बाजारात आणली, पण त्याआधीच्या कित्येक करवतींत गिअरबॉक्स आहे आणि त्यात वेगळं ऑइल लागतं, जे कुणी पाहत नाही. सुटे भाग मिळतात का हे करवत घेण्याआधी शोधा. सील आणि डायफ्रामचा किट मिळत नसेल तर ती कपाटातली शोभा समजा.

चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला येऊ लागले. त्याआधीच्या करवतीत उसळी थांबवणारं काहीच नाही. तिचं वजनही तसंच: १९४९ ची मॅककलक ३-२५ हिच्या नावातच २५ पौंड आहेत, म्हणजे ११ किलोंच्या वर. अशी करवत मी फक्त घोडीवर बांधलेल्या ओंडक्यावर चालवतो. फांद्या छाटायला आणि झाड पाडायला नवी. कानांवर मफ दोन्हींना, कारण आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. जुन्यांत कंपन अडवणारं रबरही नसतं. बोटं बधिर किंवा पांढरी पडू लागली की थांबा.

ओंडका कसा टेकलाय?

बार अडकणं हा सरपण कापणाऱ्याचा रोजचा खेळ. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर मधला भाग वरून दाबला जातो आणि खालून ताणला जातो. वरून एक तृतीयांश कापा, मग खालून वर या. एकच टोक टेकलं असेल आणि दुसरं अधांतरी असेल तर उलटं: आधी खालून थोडं, मग वरून. मोठ्या ओंडक्यात काप उघडला की प्लास्टिकची पाचर ठोका, लोखंडी नको. बार अडकलाच तर इंजिन बंद करा आणि पाचरीने काप उघडा. उपटून काढू गेलात तर बार वाकतो.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागू देऊ नका. उसळी तिथूनच येते, विशेषतः ढिगाऱ्यात, जिथे मागचा ओंडका दिसत नाही. जमिनीला साखळी लागली तर एका सेकंदात धार जाते. मातीने माखलेली सालही तेच करते, म्हणून ती आधी खरवडा.

काम संपल्यावर साखळी सैल करून ठेवा. गरम असताना ताणलेली साखळी थंड होताना आकसते आणि क्रँक व बेअरिंगवर ताण येतो. दुसऱ्या दिवशी ताणताना बारचं टोक वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा. टोक खाली लोंबत असताना आवळलेली साखळी पहिल्याच ओंडक्यात पुन्हा सैल होते.