बॉल मिलमधून आणखी बारीक पूड कशी काढावी

बॉल मिल म्हणजे गोळे आणि नमुना भरलेला जार फिरवून, गोळ्यांच्या माराने पूड करणारं यंत्र. पूड बारीक होत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला: “अजून दोन तास फिरव.” ऐकू नका. कोरडी पूड काही मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उतरली की कण एकमेकांना चिकटतात, जारच्या तळाशी थर घट्ट बसतो आणि गोळे त्या थरावरच आपटत राहतात. वाढते ती फक्त उष्णता आणि गोळ्यांची झीज, आणि ती झीज नमुन्यातच उतरते.

आधी कोरडं दळण उरकून घ्या. प्लॅनेटरी मिलच्या (फिरत्या चकतीवर जार स्वतःभोवतीही फिरतो ती मिल) जारमध्ये एक तृतीयांश गोळे, एक तृतीयांश नमुना, बाकी जागा मोकळी. गोळा सर्वांत मोठ्या कणाच्या निदान तिप्पट हवा.

मग गोळे बदला. १० मिमीचे काढून तेवढ्याच वजनाचे २ मिमीचे घेतले तर संख्या १२५ पट होते, टकराही तशाच वाढतात. पण सुरुवातीलाच ते घालू नका. मोठा कण फोडण्याइतका मार त्यांच्यात नसतो.

आता ओलं दळण. मी कित्येक महिने अडकले ते इथेच. जारचा साधारण ६० टक्के भाग गोळ्यांनी भरा, ३० टक्के नमुना घाला, मग थोडं थोडं द्रव. नमुन्याला पाणी चालत नसेल तर आयसोप्रोपॅनॉल (एक अल्कोहोल). किती घालायचं? मिलीलिटरचा आकडा विचारूच नका. मिश्रण इंजिन ऑइलसारखं हवं: स्पॅट्युला उचलला की संथ धार पडली पाहिजे. पातळ झालं तर गोळे एकमेकांनाच झिजवतात, घट्ट झालं तर रुतून बसतात. शिवाय कण बारीक होतात तसं पृष्ठफळ वाढतं आणि सकाळी नीट असलेलं मिश्रण दुपारी लापशीसारखं घट्ट होतं. म्हणून अधूनमधून मिल थांबवा, जार थंड करा, बघा, लागलं तर द्रव घाला.

“जार थंड करा” हे मनापासून सांगते आहे. गरम जारमध्ये वाफेचा दाब साठतो. मी एकदा घाईने झाकण सैल केलं आणि सगळी स्लरी, म्हणजे ते ओलं मिश्रण, चष्म्यावर उडाली. आयसोप्रोपॅनॉलची वाफ पेट घेते, त्यामुळे जार फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच) उघडा.

गोळे चाळणीवर काढून त्याच द्रवाने धुवा. कणांचा आकार मात्र वाळवण्याआधी स्लरीतूनच मोजा. वाळताना कण पुन्हा चिकटतात आणि उपकरण ढेकळं मोजत बसतं.