नवा पतंग नोंदवायचा तर

जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. आंबोलीत एका घराच्या मागच्या अंगणात आम्ही पांढरा पडदा ताणून मर्क्युरीचा दिवा लावला होता. अमावास्या जवळ आलेली, वर ढग. अशा रात्री पतंग दिव्यावर भरभरून येतात. अकराच्या सुमाराला पडद्याच्या खालच्या कडेला नखाएवढा एक राखाडी पतंग येऊन बसला, पंखांवर तिरपी काळी रेघ. सोबतचा मुलगा ओरडलाच, "ताई, हा कुठल्याच पुस्तकात नाही. नवीन दिसतोय!"

हे वाक्य मी पुष्कळांकडून ऐकलंय, आणि सुरुवातीला स्वतःही म्हटलंय. म्हणून या कामाकडे वळणाऱ्यांना आधी एवढंच सांगते: पुस्तकात फोटो नाही म्हणून पतंग नवा ठरत नाही. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि हातात धरायच्या पुस्तकांत त्यातल्या थोड्याच येतात. जॉर्ज हॅम्पसनचे भारतातल्या पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ मधले, पण ते उघडल्याशिवाय आजही आमचं काम पुढे सरकत नाही. एडवर्ड मेरिक या इंग्लंडमधल्या शाळामास्तरांनी बारीक पतंगांच्या हजारो जातींना नावं दिली, त्यातल्या कितीतरी आपल्याकडच्या. वर्णन थोडक्या ओळींचं, बहुतेक वेळा चित्राशिवाय. तुमच्या पडद्यावरचा पतंग त्या ओळींत शंभर वर्षांपासून असू शकतो.

आमचा राखाडी पतंग तसाच निघाला, आधीच नाव मिळालेला. मात्र त्याच रात्रीच्या पेटीत 'नेहमीचाच' म्हणून बाजूला ठेवलेला एक नर होता. पंखांवरून नेहमीचा, आतून वेगळा. नव्या जाती अशा पेटीत सापडतात. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातला निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी हा पतंग जगभर गाजला तो नावामुळे, पण तो वेगळा ठरला तो संग्रहालयातले नमुने पुन्हा तपासताना, जननेंद्रियांची रचना आणि डीएनए जवळच्या निओपाल्पा निओनाटा या जातीशी ताडून पाहिल्यावर.

आतून पाहायचं म्हणजे काय, ते सांगते. वाळलेल्या पतंगाचं पोट खालून चिमट्याने हलकेच वर ढकललं की सुटतं. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात रात्रभर ठेवायचं. सकाळी आतली चरबी आणि स्नायू विरघळलेले असतात, उरते पारदर्शक पिशवी आणि तिच्या टोकाला तपकिरी, कडक भाग, म्हणजे जननेंद्रियं. मग पाण्यात घेऊन बारीक कुंचल्याने खवले झाडायचे. मायक्रोस्कोपखाली दोन सुयांनी तो कडक भाग अलगद ओढून काढायचा. इथे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. नराच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडल्या की त्यांच्या कडेवरचे काटे, मधला आकडा आणि नळीच्या आतले दात दिसतात. त्या रात्रीच्या नराच्या झडपेला बुडाशी एक वाकडा काटा होता. जवळच्या जातीत तिथे काहीच नसतं. मी तो काटा डावीकडून, उजवीकडून, दिवा बदलून पाहिला. तो होताच.

आणि क्रमांक! पहिल्या वर्षी मी एका दमात पाच पोटं पाच नळ्यांत टाकली आणि चिठ्ठ्या नंतर लावू म्हणून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी कुठलं पोट कुठल्या पतंगाचं, ते कळेना. पाचही नमुने वाया गेले, आणि त्यातला एक पुन्हा कधी मिळालाच नाही. तेव्हापासून पोट नळीत पडण्याआधी टाचणीवर आणि नळीवर एकच क्रमांक चढतो. ठिकाण, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव हे सगळं त्याच रात्री लिहायचं.

डीएनए बारकोड म्हणजे जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठरावीक तुकडा. त्यासाठी पतंगाचा एक पाय पुरतो. ६५८ अक्षरांचा तो तुकडा फार उपयोगी आहे, पण त्यावर सगळं सोडू नका. तो ज्या माहितीकोशाशी ताडून पाहायचा, त्यात कुणी चुकीचं नाव लावून ठेवलेलं असेल, तर तुमचं उत्तरही चुकतं.

कागदोपत्रीचं थोडक्यात. जंगलाच्या हद्दीत वनखात्याची लेखी परवानगी लागते. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार १९९९ नंतरच्या नावांसाठी मुख्य नमुना, म्हणजे होलोटाइप, कुठला आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे लेखात स्पष्ट लिहावं लागतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात द्यायचा असतो. प्राण्यांसाठी असा एक संग्रह भारतीय प्राणी सर्वेक्षणाचा. त्यांचं एक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. छापून येण्याआधी नाव बाहेर फोडू नका, म्हणून मीही इथे ते लिहीत नाही.

कृषीच्या विद्यार्थ्यांना वाटतं, हे आपलं काम नव्हे. टोमॅटो पोखरणारी टुटा ॲब्सोल्युटा २०१४ मध्ये देशात पहिल्यांदा आढळली ती महाराष्ट्रात. त्या बारीक राखाडी पतंगाला मेरिकने १९१७ मध्ये पेरूतल्या नमुन्यांवरून नाव दिलं होतं. तो ओळखायला पोटच उघडून पाहावं लागतं. औषध कुठलं मारायचं हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून कीटकशास्त्राला जाणाऱ्यांनी एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी सुया हातात घ्याव्यात. साध्या, नेहमीच्या पतंगांवर निदान पन्नास पोटं उघडून झाली की मगच दुर्मिळाला हात लावावा.

आमच्या जातीचं वर्णन अजून पूर्ण नाही. हातात नर एकच आहे. नियम एका नमुन्यावर अडवत नाही, पण माझं मन धजत नाही. तो काटा त्या एकाच पतंगातली विकृती नाही, हे दुसऱ्या नराशिवाय कसं सांगणार? आणि मादीही हवी. या जूनमध्ये अमावास्येला त्याच अंगणात पुन्हा पडदा लावणार आहोत.