कॅलिफोर्नियात मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचा परवाना कसा मिळवायचा

एलएमएफटी, म्हणजे लायसन्स्ड मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट (जोडप्यांचं, कुटुंबांचं समुपदेशन करणारा परवानाधारक), होताना अभ्यासात अडकणारे थोडेच. बहुतेकांची गाडी अडते ती देखरेखीखालच्या कामाच्या तासांच्या हिशेबात, आणि भारतातून आलेल्या अनेकांची व्हिसात. म्हणून कॉलेजांची यादी करायच्या आधी पुढचं वाचा. हा परवाना अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आहे, पण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मी लिहितेय ते कॅलिफोर्नियाचं. इथे परवाना देतं ते बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस, सगळे त्याला बीबीएस म्हणतात.

आधी व्हिसाचं गणित मांडा

एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शिकायला आलात तर पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं. या विषयाला स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना असलेली, मुदतवाढ सहसा मिळत नाही. परवान्याला मात्र किमान 104 आठवडे सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखालचं काम, लागतं. त्यातलं थोडं शिकतानाच होतं, तरी उरलेलं सगळं एका वर्षात सहसा बसत नाही. पुढे काम कशावर करणार, याचं उत्तर फी भरण्याआधी हवं. एच-4 वर, म्हणजे एच-1बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, हातात आल्याशिवाय नोकरी करता येत नाही. ‘बिनपगारी केलं तर चालतं’ असं मैत्रिणी सांगतात. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

मास्टर्स निवडा

किमान 60 सेमिस्टर युनिटचा अभ्यासक्रम लागतो. त्यातच प्रॅक्टिकम, म्हणजे शिकतानाचा प्रत्यक्ष कामाचा सराव, येतं: 225 तास, पैकी निदान 150 प्रत्यक्ष समुपदेशनाचे. कॉलेजच्या नावाला भुलू नका. प्रवेश विभागाला दोनच प्रश्न विचारा: हा अभ्यासक्रम बीबीएसच्या एलएमएफटीच्या अटी पूर्ण करतो का, आणि प्रॅक्टिकमची जागा कोण शोधून देतं? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर ती शोधाशोध तुमच्याच वाट्याला येणार, असं समजा.

भारतातली मानसशास्त्राची एम.ए. असेल तर नॅसेसच्या, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या, सभासद संस्थेकडून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. तेवढ्यावर सहसा भागत नाही.

90 दिवस विसरू नका

पदवी मिळाल्यावर असोसिएट म्हणून, म्हणजे एएमएफटी म्हणून, नोंदणी करायची. पदवीच्या तारखेपासून 90 दिवसांत अर्ज बोर्डाकडे पोचला, तर नोंदणी क्रमांक येईपर्यंतच्या काळातले तासही धरले जातात. मात्र जिथे काम करता तिथे बोटांचे ठसे, म्हणजे लाइव्ह स्कॅन, काम सुरू करण्याआधी झालेलं हवं.

3,000 तास

खरी कसोटी इथे लागते. एकूण 3,000 तासांपैकी किमान 1,750 प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यातले 500 जोडपी, कुटुंबं किंवा मुलांबरोबरचे. आठवड्याला 40 पेक्षा जास्त तास मोजत नाहीत. सहा वर्षांपेक्षा जुने तास बाद होतात. नोकरी डब्ल्यू-2 वर, म्हणजे पगारी कर्मचारी म्हणून, घ्या; कोणी 1099 वर कंत्राटदार म्हणून ठेवतो म्हणाला तर नको म्हणा, ते तास धरत नाहीत.

तासांच्या आठवड्याच्या तक्त्यावर सुपरव्हायझरची सही त्याच आठवड्यात घ्या. माझी सुपरव्हायझर एका संस्थेतून अचानक गेली आणि माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर तिची सही राहून गेली. जवळजवळ पाच महिने मी तिचा पत्ता काढत होते, तेही झालेल्या कामासाठी. तेव्हापासून प्रत्येक असोसिएटला मी कळकळीनं सांगते: सुपरव्हायझर बदलणार असं कानावर आलं की त्याच दिवशी दाखला भरून पुढे करा.

कुटुंबांच्या तासांना घाबरू नका, तिथे आपली भाषा कामाला येते. जेनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांचा नकाशा, काढताना पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, भांडणाला करवतीसारखी दातेरी रेघ. समोरचा इंग्रजीत ‘माय अंकल’ म्हणतो. काका की मामा, एवढंच विचारा. मामानं लग्न जमवलेलं असतं, काकाशी वाटणीवरून बोलणं बंद असतं, आणि दोघांच्या रेघा कागदावर वेगवेगळ्या दिशांना जातात. तसंच ‘आमच्याकडे असं चालत नाही’ हे वाक्य. ‘आमच्याकडे’ म्हणजे नक्की कोण, असं हळूच विचारलं की कित्येकदा नवरा-बायको पहिल्यांदाच एकमेकांकडे बघतात. ते बघणं मला या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोन परीक्षा

कायदा आणि नीतीची परीक्षा असोसिएट असतानाच द्यायची; उत्तीर्ण होईपर्यंत दर वर्षी बसावं लागतं, नाहीतर नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. 1976 चा टॅरासॉफ खटला नीट समजून घ्या. क्लायंटनं कोणाच्या जिवावर उठल्याचं सांगितलं तर थेरपिस्टचं कर्तव्य काय, या प्रश्नाचं मूळ त्या निकालात आहे. तास पूर्ण झाले, बोर्डानं मंजूर केले, की क्लिनिकल परीक्षा. ती झाली की परवाना. पुढे दर दोन वर्षांनी 36 तासांचं सततचं शिक्षण.

परवाना भिंतीवर लावल्यावर

परवाना चालतो तो सेशनच्या वेळी कॅलिफोर्नियात असलेल्या क्लायंटपुरता. क्लायंट जोडप्यातली बायको सुट्टीत पुण्याला गेली आणि तिथून व्हिडिओवर बसते म्हणाली, तर आधी तिथले नियम बघा. जोडप्याबरोबर काम सुरू करताना पहिल्याच दिवशी लेखी ठरवा: एकानं एकट्यात सांगितलेलं गुपित तुम्ही राखणार की नाही. हे नंतर ठरवता येत नाही.

आणि मंडळाच्या गणपतीत जिच्याबरोबर मोदक वळलेत तिला क्लायंट म्हणून घेऊ नका. ती विचारणारच, कारण मराठी बोलणारे थेरपिस्ट इथे मोजकेच. तिच्यासाठी विश्वासातल्या दोन सहकाऱ्यांचे नंबर आधीच फोनमध्ये ठेवा.